लेझर विकणाऱ्याला कायदा काय विचारतो?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हिरव्या प्रकाशाचं लेझर पेन काही शे रुपयांत मिळतं. काळी धातूची नळी, आत चार्जिंगची बॅटरी, पुढे चांदण्यांची नक्षी पाडणारं टोपण आणि अंगावर पिवळा स्टिकर. स्टिकरवर ‘डेंजर’ लिहिलेलं असतं आणि ताकदीचा आकडा असतो. एका पेनावर ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ असतं, तर हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पेनावर ‘१००० मिलिवॅट’. या दोन आकड्यांत दोनशे पटींचा फरक आहे. पहिलं पेन जपून वापरण्याची वस्तू आहे. दुसरं, स्टिकर खरा असेल तर, कायमचं आंधळं करू शकतं. पण घेणाऱ्याला वय विचारलं जात नाही, कारण विचारलं जात नाही, आणि अनेकदा बिलही मिळत नाही. बनवणाऱ्याचं नाव आणि आयात करणाऱ्याचा पत्ता तर बहुतेक पेनांवर नसतोच.

गेली काही वर्षं गणेशोत्सव जवळ आला की लेझरची चर्चा सुरू होते. मंडळ, डीजे, पोलीस आणि बंदीचा आदेश एवढ्यातच ती फिरते. ते यंत्र विकलं कुणी, भाड्याने दिलं कुणी, देताना काय सांगितलं, हे विचारायला कुणी लॅमिंग्टन रोडवर जात नाही. माझ्या मते कायद्याचा खरा प्रश्न त्या काउंटरवर आहे. आणि त्याची निम्मी उत्तरं आज लागू असलेल्या कायद्यांतच आहेत. ती कुणी वापरलेली नाहीत, एवढंच.

आधी ताकदीचा आकडा समजून घेऊ. साध्या बल्बचा प्रकाश चहूबाजूंनी विखुरतो, त्यामुळे डोळ्यात त्याचा नगण्य अंश जातो. लेझरचा जवळपास सगळा प्रकाश एकाच बारीक, जवळजवळ समांतर झोतात असतो. तो बाहुलीतून आत शिरला की डोळ्याचीच भिंगं त्याला दृष्टिपटलावर काही मायक्रोमीटरच्या ठिपक्यात गोळा करतात. बाहुलीवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटींनी वाढते. त्यामुळे मिलिवॅटसारखी क्षुल्लक वाटणारी मात्राही डोळ्याच्या बाबतीत मोठी ठरते.

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचं ६०८२५ क्रमांकाचं मानक याच हिशेबावर उभं आहे. दिसणाऱ्या प्रकाशाचा १ मिलिवॅटपर्यंतचा लेझर दुसऱ्या वर्गात येतो. तो चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. ५ मिलिवॅटपर्यंत ‘३ आर’, ५०० मिलिवॅटपर्यंत ‘३ बी’ आणि त्यापुढे चौथा वर्ग. ‘३ बी’मध्ये पापणीचा भरवसा संपतो. चौथ्या वर्गात भिंतीवरून विखुरलेला प्रकाशसुद्धा इजा करू शकतो, कातडी भाजते, कागद पेटतो. चौथ्या वर्गाला वरची मर्यादाच नाही. एका वॅटचं पेनही त्यातच आणि मिरवणुकीत ट्रकवर बसवलेला दहा वॅटचा रंगीत प्रोजेक्टरही त्यातच.

अंतराचा हिशेब लालबाग-परळच्या रस्त्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. पाव सेकंदाच्या नजरेसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ मिलिवॅट आहे. स्वस्त पेनाचा झोत किलोमीटरला साधारण दीड मीटर पसरतो असं धरलं, तर ५ मिलिवॅटचा लेझर दहाएक मीटरनंतर या मर्यादेत येतो. १ वॅटच्या लेझरला त्यासाठी सुमारे दीडशे मीटर लागतात. मर्यादेत सुरक्षेची सूट धरलेली असते, म्हणजे दीडशे मीटरच्या आत उभ्या प्रत्येकाला इजा होईलच असं नाही. पण चिंचपोकळीच्या पुलाखाली, लालबागच्या नाक्यावर किंवा खेतवाडीच्या गल्ल्यांत आगमनाच्या मिरवणुकीत माणूस ट्रकपासून किती अंतरावर उभा असतो? पाच मीटर, दहा मीटर. चाळीच्या गॅलरीत उभ्या माणसाचे डोळे तर नेमके ट्रकवरच्या दिव्यांच्या उंचीला येतात. अमेरिकेत लेझर शोला परवानगी देताना झोत प्रेक्षकांच्या पायाखालच्या जमिनीपासून किमान ३ मीटर उंच आणि बाजूने किमान अडीच मीटर दूर ठेवण्याची अट असते. आपल्याकडच्या दाटीत ही अट पाळायची तर झोत सरळ आभाळाकडेच रोखावा लागेल. तिथे दुसराच कायदा आडवा येतो. त्याकडे पुढे वळतो.

इजेचं एक लक्षण कायद्याच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवायला हवं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजलं तरी दुखत नाही. नाचून घरी आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसतो, मग तो डॉक्टरकडे जातो. तोवर ट्रक गेलेला असतो, यंत्र भाड्याने देणारा पुढच्या सुपारीवर असतो, आणि झोत नेमका कुणाच्या यंत्रातून आला हे सांगणारं कुणी उरत नाही.

कोल्हापुरात २०२२च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नेत्रतज्ज्ञांकडे असे रुग्ण येऊ लागले. २०२३ मध्ये नाशिकच्या डॉक्टरांनी तरुणांच्या दृष्टिपटलाला झालेल्या इजा लोकांपुढे मांडल्या. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कोल्हापूरजवळच्या उचगावात मिरवणुकीतल्या तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाल्याची बातमी आली. त्याच काळात प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. पुण्याच्या अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने भारतीय न्याय संहितेतल्या तरतुदींकडे बोट दाखवलं आणि लेझरसाठी वेगळा कायदा नसल्याने सरकारकडे दाद मागण्याची वाट दाखवून याचिका निकाली काढली. सप्टेंबरमध्ये ईद-ए-मिलादच्या मिरवणुकांसंदर्भात लेझरचा विषय पुन्हा त्याच खंडपीठापुढे आला. तेव्हा न्यायालयाने विचारलं की लेझरने माणसाला इजा होते याचा शास्त्रीय आधार याचिकेत कुठे आहे, आणि याचिका करण्याआधी मूलभूत अभ्यास करायला हवा असं सुनावलं.

हे वाचून मला वाईट वाटलं ते न्यायालयाबद्दल नाही. न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर सरकारी कपाटातच होतं. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १४६२४ हे लेझर उत्पादनांच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक त्याच आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. कोणत्या रंगाचा किती प्रकाश किती सेकंदांत डोळ्याला बाधतो, याची कोष्टकं तिथे आहेत. १९९५ मध्ये तर जगातल्या देशांनी शत्रुसैनिकाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेली लेझर शस्त्रं युद्धातसुद्धा वापरू नयेत असा करार केला, आणि भारत त्यात सहभागी आहे. लेझर डोळा घालवतो हे तिथे कुणाला सिद्ध करावं लागलं नाही.

मग आज पोलीस काय करतात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, मनाई आदेश काढतात. पुण्यात २०२४च्या गणेशोत्सवात लेझर झोतांवर ६० दिवसांची बंदी आली. साठच दिवस का, असं पुष्कळांनी विचारलं. उत्तर कायद्यात आहे: या कलमाखालचा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, राज्य सरकारने वाढवला तरच पुढे चालतो. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. दंगल होईल असं वाटलं, जमाव जमू द्यायचा नाही, अशा वेळी ते वापरतात. दुकानात वर्षभर विकल्या जाणाऱ्या वस्तूवर त्याचा इलाज चालत नाही. साठ दिवस संपले की पेन, प्रोजेक्टर, दुकान सगळं जागच्या जागी असतं आणि पुढच्या वर्षी नवा आदेश काढावा लागतो.

आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, जिवाला धोका असेल तर वर्षभरापर्यंत. उच्छृंखल कृत्याने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम १२५. त्यात गंभीर दुखापत झाली तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते, आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही कलम ११६ नुसार गंभीर दुखापतच आहे. यंत्र हाताळताना केलेल्या निष्काळजीपणासाठी कलम २८९ वेगळं आहे. म्हणजे झोत मारणाऱ्यासाठी कलमं पुरेशी आहेत. ती सगळी इजा झाल्यावर, आणि मारणारा सापडला तर लागू होतात.

आता आभाळाकडे रोखलेला झोत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या विमानतळविषयक नियमांत धावपट्ट्यांभोवती लेझरसाठी पट्टे आखलेले आहेत. विमानतळाला लागून झोत जवळजवळ वर्ज्य असलेला पट्टा असतो. त्याच्यापुढे १८.५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा ‘क्रिटिकल’ मानतात. तिथे वैमानिकापर्यंत पोहोचणारा लेझर प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोवॅटपेक्षा जास्त नसावा. डोळ्याच्या इजेच्या मर्यादेचा हा पाचशेवा भाग आहे, कारण इथे भीती डोळा भाजण्याची नसून उतरताना डोळे दिपण्याची आहे. सांताक्रूझच्या विमानतळापासून सरळ रेषेत दादर आठएक किलोमीटरवर, लालबाग अकराएक, गिरगाव चौपाटी सोळाएक किलोमीटरवर आहे. म्हणजे ज्या भागाबद्दल आपण बोलतोय तो सगळाच या वर्तुळात येतो. आणि १ वॅटच्या पेनाचा झोत तीन किलोमीटरवरही साडेचार मीटर रुंद होऊन या मर्यादेच्या वर असतो. विमान उतरण्याच्या मार्गात फुगे, पतंग, लेझर झोत सोडायला मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई करतात. विमानांना दिशाभूल करणाऱ्या दिव्यांबद्दल १९३७च्या विमान नियमांत तरतूद आहे, आणि १९३४च्या जुन्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. पण इथेही कायदा झोत सोडणाऱ्याकडे पाहतो. गच्चीवर पेन घेऊन उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ते कुणी विकलं, हा प्रश्न विमान कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

मग विक्रीवर लक्ष कुणाचं? पहिला अंदाज साहजिकच अणुऊर्जा नियामक मंडळाचा येतो. परळच्या एखाद्या दवाखान्यात एक्स-रे मशीन बसवायचं तर या मंडळाची परवानगी लागते. पण मंडळाचं काम आयनीकरण करणाऱ्या किरणांपुरतं आहे. लेझर कितीही तीव्र असला तरी तो प्रकाशच. तो त्यांच्या कक्षेत येत नाही. शस्त्र कायदाही सामान्यतः लागू होत नाही, कारण पेन शस्त्र म्हणून बनवलेलं नसतं. भारतीय मानक आहे, पण मानक आपोआप सक्तीचं होत नाही. मानक ब्युरोच्या २०१६च्या कायद्यातलं कलम १६ वापरून केंद्र सरकारने आदेश काढला, तरच त्या वस्तूला मानकचिन्हाशिवाय विकायची बंदी येते. प्रेशर कुकरपासून खेळण्यांपर्यंत अनेक वस्तूंसाठी असे आदेश निघाले आहेत. त्यामुळे मुलाच्या प्लॅस्टिकच्या गाडीवर आयएसआयची खूण शोधणारा बाप शेजारच्या दुकानातून लेझर पेन घेतो तेव्हा त्याला शोधायला काहीच नसतं.

इतकं वाचून वाटेल की रान मोकळं आहे. तसं नाही. दोन कायदे त्या काउंटरवर आजही लागू आहेत. पहिला वैधमापनशास्त्राचा. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता, किंमत आणि मूळ देश छापलेला हवा. निनावी पेन या एका नियमातच अडकतं. वैधमापन निरीक्षकाला त्यासाठी लेझरचं शास्त्र शिकण्याची गरज नाही, खोकं उलटून पाहिलं तरी पुरे.

दुसरा कायदा जास्त खोल जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ नावाचं प्रकरण नव्याने आलं. त्यातल्या कलम ८६ मध्ये, स्वतः माल न बनवणारा विक्रेता केव्हा भरपाईला बांधील ठरतो हे सांगितलं आहे. उत्पादक कोण हे माहीतच नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, किंवा तो भारताच्या कायद्याच्या हाती लागत नसेल, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. वस्तूच्या धोक्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवल्या नाहीत तरी येते. शेन्झेनच्या कुठल्या तरी कारखान्यातून, नाव-गावाशिवाय, पोत्यातून आलेलं पेन विकणारा दुकानदार या कलमात शब्दशः बसतो. एवढंच कशाला, या कायद्यातल्या ‘विक्रेता’ शब्दात आयात करणारा, भाडेपट्ट्याने देणारा, बसवून देणारा, दुरुस्त करणारा असे सगळे मोडतात. म्हणजे मंडळाला प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्या लाइटवाल्यालाही ‘मी फक्त भाडं घेतलं’ म्हणून सहज सुटता येणार नाही.

पण या कलमाला दोन मोठ्या फटी आहेत, आणि त्या जाणूनच पुढे जायला हवं. कलम ८७ म्हणतं की इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर हा दावा चालत नाही. दुकानदाराचा वकील पहिलं वाक्य हेच बोलेल: कुणाच्या डोळ्यात मारा असं आम्ही सांगितलं नव्हतं. त्याला उत्तर द्यायचं तर दावा डोळ्यावर नाही, स्टिकरवर उभा करावा लागेल: ‘५ मिलिवॅट’ म्हणून विकलेलं पेन प्रत्यक्षात ५० मिलिवॅटचं निघालं, तर दोष वापरण्याच्या आधीच वस्तूत होता. दुसरी फट अधिक दुःखाची आहे. हा कायदा ग्राहकाचा आहे. पेन विकत घेणारा, किंवा त्याच्या संमतीने वापरणारा त्याचा भाऊ, ग्राहक ठरतो. मिरवणूक पाहायला गॅलरीत आलेली शेजारच्या चाळीतली आजी ठरत नाही. ज्याच्या डोळ्याला इजा होते तो जवळजवळ नेहमीच न विकत घेणारा असतो, आणि त्याला साध्या दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

स्टिकरवर विश्वास का ठेवू नये, याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास ९० टक्के हिरवी आणि ४४ टक्के लाल पेनं नियमात बसली नाहीत. हिरव्यांची अवस्था वाईट असण्याचं कारण त्यांच्या पोटात आहे. अनेक स्वस्त पेनांत हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. एक डायोड ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश देतो, एक स्फटिक त्यातून १०६४ नॅनोमीटरचा, तोही अदृश्य, प्रकाश काढतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर सोडतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला शेवटी एक छोटीशी गाळणी लागते. त्याच संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या एका स्वस्त पेनात ती गाळणीच नव्हती, आणि त्यातून हिरव्याच्या कितीतरी पट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. अवरक्त दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. पाच-दहा रुपये वाचवण्यासाठी काढलेल्या त्या काचेच्या तुकड्याची किंमत कुणीतरी डोळ्याने मोजतो, हे मला सहन होत नाही.

यावर ‘सगळ्यांवर बंदी घाला’ म्हणणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. लेझर ही अनेकांच्या पोटापाण्याची आणि आनंदाची वस्तू आहे. फर्निचर करणारा कारागीर भिंतीवर लेझरची सरळ रेघ पाडून कपाट समपातळीत बसवतो. वांगणी-नेरळच्या अंधारात आकाशदर्शनाला आलेल्या मुलांना मृग नक्षत्र दाखवायला हिरव्या झोतासारखं साधन नाही. आपला डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील असल्याने तिथे ५ मिलिवॅट भरपूर होतात. दादरच्या बाजारात मिळणारी कापीव नक्षीची लाकडी मखरं लेझर कटरने कापलेली असतात. थर्माकोल मागे पडला त्यात या यंत्रांचा वाटा आहे. घरगुती कटर पाच, दहा, वीस वॅटचे येतात, म्हणजे पेनापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे. फरक असा की झोत काही सेंटिमीटरवर खाली रोखलेला असतो. भोवती झाकण असेल, झाकण उघडताच झोत बंद होत असेल, तर तेच यंत्र पहिल्या वर्गाचं, सुरक्षित ठरतं. उघड्या सांगाड्याचं स्वस्त यंत्र घेऊन खोलीत मुलं बागडत असतील तर ते चौथ्या वर्गाचं. म्हणून नियम ताकदीइतकाच बांधणीवरही हवा. आणि मंडपाच्या छतावर फिरणारे ‘शार्पी’ हे तर लेझर नव्हेतच. ते प्रखर दिव्याचे झोत आहेत. आदेश काढताना दोन्ही एका माळेत ओवले की पोलीस शार्पीवाल्याला पकडतात आणि खरा लेझर पुढे निघून जातो.

अमेरिकेने हा विषय फार आधी विक्रीच्या बाजूने धरला. १९७६ पासून तिथे लेझर उत्पादकाला अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत राहावं लागतं. पॉइंटर म्हणून विकायचा लेझर ५ मिलिवॅटच्या आतच हवा. त्यावरच्या ताकदीच्या यंत्राला किल्लीचं कुलूप, झोत सुरू असल्याचा दिवा, झोत अडवणारी झडप असं सगळं लागतं. हौशी बाजाराने यातूनही वाट काढली. पोकळ नळी एकाकडून, डायोड दुसऱ्याकडून, वीज नियंत्रित करणारी चकती तिसऱ्याकडून, आणि जोडणी घरी. २०१० च्या सुमारास तर प्रोजेक्टर फोडून त्यातले १ वॅटचे निळे डायोड काढून पेनं बनू लागली. लॅमिंग्टन रोड हा मुळात सुट्या भागांचाच बाजार आहे, त्यामुळे ही पळवाट इथे आणखी रुंद असेल, हे नियम लिहिणाऱ्याने आधीच धरून चालावं. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये सिडनीला उतरणाऱ्या विमानांवर झोत मारण्याचे प्रकार झाल्यावर न्यू साउथ वेल्सने १ मिलिवॅटवरच्या पॉइंटरला थेट निषिद्ध शस्त्रांच्या यादीत टाकलं. मला न्यूझीलंडचा २०१४ पासूनचा मार्ग जास्त शहाणा वाटतो. तिथे १ मिलिवॅटवरचा पॉइंटर आयात करायला आरोग्य खात्याची परवानगी लागते, विकत घेणाराही पात्र असावा लागतो, आणि खगोल मंडळांच्या सभासदांना त्यात जागा ठेवलेली आहे.

आपल्याकडे असं काही जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी आवाजाचा इतिहास आठवावा. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्यांनी ऐंशीच्या दशकात भोंग्यांविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली, तेव्हाही ‘गोंगाट म्हणजे नेमका किती’ हाच प्रश्न होता. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल असे आकडे ठरले. आकडा ठरल्यावर मोजण्याचं यंत्र आलं, हवालदाराच्या हातात मीटर आलं, मंडळाशी वाद घालायला आधार मिळाला. अंमलबजावणीत उणिवा आहेत, पण भांडण कशावर करायचं ते कळलं. प्रकाशाच्या बाबतीत आकडा मानकात तयार आहे, तो नियमात आलेला नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ही दिशा दुसऱ्या वस्तूंसाठी दाखवली आहे. सीटबेल्ट न लावता गाडीचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपा २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांवरून उतरवायला लावल्या. २०२५ मध्ये परवान्याची माहिती न देता विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींबद्दल संकेतस्थळांना नोटिसा गेल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक सूचना निघाल्या. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार प्राधिकरणाला कायद्यानेच आहे. लेझर पेनासाठी त्यांनी हा अधिकार वापरावा, केंद्राने आयएस १४६२४ सक्तीचं करावं, ‘३ बी’ आणि चौथ्या वर्गाचं यंत्र नाव-पत्ता लिहून घेतल्याशिवाय विकू किंवा भाड्याने देऊ नये, आणि भाड्याच्या प्रोजेक्टरसोबत झोताची उंची ठरवणारा प्रशिक्षित माणूस असावा, एवढं माझं मागणं आहे. चौथ्या वर्गाची यंत्रं भाड्याने देणारे शहरात मोजकेच असणार. पेनांच्या हजारो गिऱ्हाइकांमागे धावण्यापेक्षा त्यांची नोंद ठेवणं कितीतरी सोपं आहे.

तोवर ज्याच्यावर प्रसंग येईल त्याच्यासाठी काही गोष्टी. मिरवणुकीनंतर नजरेत मधोमध डाग दिसला, सरळ रेषा वाकडी दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. केईएम किंवा जे. जे.सारख्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात जाऊन दृष्टिपटलाचं ओसीटी स्कॅन करून घ्या आणि केसपेपरवर लेझरचा झोत डोळ्यात गेल्याचं, तारीख आणि जागेसह, लिहून घ्या. त्या रात्रीचे मित्रांच्या मोबाइलमधले व्हिडिओ जपून ठेवा. ट्रकचा नंबर आणि लाइटवाल्याचा बोर्ड पुष्कळदा त्यातच सापडतो. पोलिसांत तक्रार देताना कलम १२५ चा उल्लेख करा. पेन तुम्ही स्वतः घेतलं असेल आणि ते स्टिकरपेक्षा जास्त ताकदीचं असावं अशी शंका असेल, तर ते फेकू नका, कारण तपासायला तीच एक वस्तू उरते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आयोगापुढे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आणि यापुढे लेझर घ्याल तेव्हा, पन्नास रुपये जास्त पडले तरी, पक्कं बिल मागा आणि त्यावर यंत्राची ताकद मिलिवॅटमध्ये लिहून घ्या. जो दुकानदार ते लिहायला तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.